लाल झेंडीची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हटल्यावर लगेच नाकं मुरडू नका. दुधाचे कॅन वाहणाऱ्या किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणणाऱ्या गोतातली मी नव्हे. मी शर्यतीची सायकल आहे. अंगानं सडसडीत, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं आणि तोंडानं फटकळ.

एका शाळामास्तरांनी तरुणपणी मला विकत घेतलं. पहिल्या वर्षी आम्ही चार शर्यती केल्या आणि चारही जिंकल्या. हार मात्र मास्तरांच्या गळ्यात पडायचे. दुसरा नंबर दिसायला कसा असतो हे मला ठाऊकच नव्हतं, कारण तो कायम माझ्या पाठीमागे असायचा.

मग मास्तरांचं लग्न झालं, मुलं झाली, आणि मी परसातल्या शेडमध्ये खुंटीला लटकले. मास्तरीणबाई माझ्या हँडलवर ओली फडकी वाळत घालायच्या. ज्या हँडलला लोक हात लावायला धडपडायचे, त्यावर फरशी पुसायचं फडकं! अशी तीस वर्षं काढली. साखळी गंजली, पण माझी अक्कड गेली नाही.

निवृत्त झाल्यावर एक दिवस मास्तरांनी मला खाली उतरवलं, धूळ झटकली आणि म्हणाले, "चल, शर्यत आहे." मी अशी फुलले म्हणता! तेल घालायला ते विसरले, तेही मी माफ केलं.

शर्यत होती खरी, पण धावणाऱ्या माणसांची. बेचाळीस किलोमीटर, सात तासांत. आमचं काम सगळ्यांच्या मागून जायचं. माझ्या कॅरिअरला लाल झेंडी बांधली आणि हँडलला वेळेचा कागद चिकटवला. कोणत्या खांबापाशी किती वाजता पोहोचायचं ते त्यावर लिहिलेलं. ठरल्या वेगानं चालायचं, आणि जो माझ्या मागे पडेल तो बाद. त्यानं मुकाट्यानं मागून येणाऱ्या टेम्पोत बसायचं. माझ्यासारखीला हे काम! माणूस भरभर चालला तरी माझ्याबरोबर राहील असा तो वेग. पहिल्या वर्षी तर लाजेनं दोनदा तोल गेला.

आणि मागे राहणारे ते लोक! कुणाचं पोट आधी, माणूस नंतर. कुणी पळतोय की पडतोय तेच कळू नये. मी मनात म्हणायचे, अरे, जमत नाही तर घरी पाय पसरून बसा ना. रस्त्याला कशाला त्रास?

त्यातल्या दोन बायका माझ्या विशेष डोक्यात गेल्या. एक शिंपीण, वाळकी काडी. दुसरी बेकरीत पीठ मळणारी, मापानं चांगली घसघशीत. पहिल्या वर्षी तिसाव्या किलोमीटरला मी त्यांना मागे टाकलं, दुसऱ्या वर्षी एकोणचाळिसाव्याला. टेम्पोत बसताना शिंपीण रडली होती. मला हसू आलं होतं.

तिसऱ्या वर्षी त्या पुन्हा हजर! मागून चालताना सगळं ऐकू येतं, म्हणून कारण कळलं. बेकरीवाली मागे फार आजारी पडली होती, दोन महिने अंथरुणाला खिळली होती. तेव्हा शिंपिणीनं नवस बोलला होता, ही उठून चालायला लागली तर दोघी मिळून हे अंतर वेळेत पुरं करू. शिंपीण पावलागणिक देवाचं नाव घेत होती.

"तुझा देव काय घड्याळ लावून बसलाय का गं?" बेकरीवाली धापा टाकत म्हणाली. "मला बरं केलं ते डॉक्टरनं. आणि पळायचं मी!"

"तोंड कमी चालव, पाय चालव," शिंपीण म्हणाली.

मला तर दोघींचीही कीव आली. पण अडतिसाव्या किलोमीटरला पुलाच्या चढावर खाट्‌कन माझीच साखळी पडली. पडली ती पडली, वर दातांत अडकून बसली. मास्तर खाली वाकले, पण त्यांचा गुडघा वाकेना. ओढाओढीत बोट कापलं. टेम्पो पार मागे पुलाखाली होता. त्या दोघी चाळीस पावलं पुढे होत्या आणि त्यांनी वळून पाहिलं.

"पळ गं!" बेकरीवाली ओरडली. "देवानंच संधी दिली!"

"देव काय साखळ्या पाडत हिंडतो का?" असं म्हणून शिंपीण मागे फिरली. मूर्ख बाई! बेकरीवाली शिव्या घालत तिच्या मागोमाग आली.

शिंपिणीचा जन्म मशीनचा पट्टा चढवण्यात गेलेला. तिनं माझं चाक सैल केलं आणि साखळी सोडवली. "अगं बाई, ही तर नुसती कोरडीठाक आहे. तुझी डबी काढ." बेकरीवालीनं कमरेच्या पिशवीतून व्हॅसलीनची डबी काढली. पळताना मांड्या घासू नयेत म्हणून लावायचं व्हॅसलीन मला चोपडलं! चार शर्यती जिंकलेल्या साखळीला! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

यात चार मिनिटं गेली. मास्तरांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "बायांनो, मला शेवटच्या रेघेपर्यंत हा वेळ थोडा थोडा भरून काढावा लागेल. तुम्हाला गाठलं तर..."

"गाठा की," शिंपीण म्हणाली. "आम्ही कुठे धरून ठेवलंय?"

त्या पळाल्या. मास्तर इमानी माणूस. त्यांनी पायडल मारलं आणि मी तीस वर्षांत नाही अशी धावले. साखळी लोण्यासारखी फिरत होती. हेच तर मला हवं होतं ना, वेग? आणि नेमकं तेव्हाच मला तो नकोसा झाला. एकेका खांबाला अंतर कमी होत होतं.

शेवटच्या किलोमीटरला बेकरीवालीच्या पोटरीत गोळा आला. "तू जा गं, माझं नाही जमत."

"नवस दोघींचा आहे. अर्धा चालत नाही." शिंपिणीनं तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला. थोड्या वेळानं दोन आवाज ऐकू आले. बेकरीवालीही देवाचं नाव घेत होती. "पावलं मोजायला घेतेय हं," ती म्हणाली, "भलता अर्थ काढू नकोस."

माझं पुढचं चाक त्यांच्या टाचेशी आलं. मास्तरांनी ब्रेकला हात लावला नाही, हे मी शपथेवर सांगते. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, साखळी पुन्हा पडावी. पण ती मेली पडेना! व्हॅसलीन फारच उत्तम होतं.

रेघ आधी त्या दोघींनी ओलांडली. मी मागाहून, हातभर अंतरानं. शिंपीण रस्त्यातच बसून रडायला लागली. बेकरीवाली लंगडत माझ्यापाशी आली आणि सीटवर थाप मारून म्हणाली, "आलीस का गं म्हातारे तूही!"

मला, म्हातारी! आणि मित्रांनो, मला राग आला नाही.

तेव्हा माझं एवढंच ऐका. घरातल्या सायकलीला महिन्यातून एकदा तेल घालत जा, तिच्यावर फडकी वाळत घालू नका. आणि मागे राहिलेल्याला हसायचं असेल तर खुशाल हसा, मीही हसले होते. पण त्या दिवशी माझ्या पुढे शेकडो माणसं धावत होती. माझी साखळी पडली तेव्हा त्यातली सगळ्यात शेवटची दोनच मागे फिरली.