जानूच्या छातीचे गणित

मित्रांनो, रत्नागिरीच्या एका कॉलेजच्या अडगळीत, मोडक्या बाकांखाली पडलेला जुना संगणक मी. माझा पडदा आता उजळत नाही, आणि खरे सांगायचे तर उजळावेसे मलाही वाटत नाही. फार दमलो आहे.

१९८७ साली इथे विज्ञान शिकवणाऱ्या काशीराम सरांनी मला मुंबईहून एसटीने, गोधडीत गुंडाळून आणले. हृदयात ठोक्यागणिक बारीकशी वीज उठते. ती मांस, फुप्फुसे ओलांडून छातीच्या कातडीवर येईपर्यंत किती उरते, हे सरांना माझ्याकडून काढून हवे होते. एका उत्तराला चार तास लागत. मध्येच दिवे गेले की पुन्हा पहिल्यापासून. जीव मेटाकुटीला येई, पण सांगणार कोणाला?

जवळच्या भाट्ये गावचा जानू मासेमारी करी. त्याला होडीवर धाप लागू लागली. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तर लाटा अगदी बुटक्या. मुंबईला तपासून येईपर्यंत त्याला समुद्रावर जायला मनाई झाली. "ऐन हंगामात मुंबईला कोन जातो?" म्हणत तो सरांकडे आला. छाती फार रुंद असली तरी लाटा बुटक्या दिसतात, हे सरांना ठाऊक होते. पण छाती मोजायला त्यांच्यापुढे उघडे व्हायला जानू लाजला. त्याने सखाराम शिंप्याकडून मापांची चिठ्ठी आणून दिली.

हृदय निरोगी धरून मी त्या मापाच्या छातीचे गणित केले. लाटा कार्डिओग्रामसारख्याच बुटक्या आल्या. म्हणजे दोष रुंद छातीचा, हृदय ठीक आहे, असे सरांनी सांगताच जानू होडीच्या तयारीला लागला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको सत्यवती सरांना सुरमई द्यायला आली. सरांनी कौतुकाने चिठ्ठी वाचून दाखवली.

"चव्वेचाळीस?" ती म्हणाली. "सर, हे सदऱ्याचं माप. जाळं ओढताना हात मोकळा हवा, म्हणून सखाराम चार इंच सैल धरतो. ह्यांची छाती चाळीसच."

सरांचा चेहरा उतरला. चाळीस घालून त्यांनी मला पुन्हा कामाला लावले. या वेळी लाटा चांगल्या उंच आल्या. म्हणजे दोष छातीचा नव्हता, हृदयाशीच काही बिघडले होते. सर तसेच सायकल मारत भाट्याला गेले. होडी सुटायच्या बेतात होती. तिथे काय झाले, ते त्यांनी मागाहून माझ्यासमोरच शिपायाला सांगितले.

"काल एक, आज दुसरं," जानू चिडला होता. "तुमच्या पेटीवर इस्वास तरी किती ठेवायचा?"

"ठेवू नकोस. मुंबईला जा," सर म्हणाले.

जानूच्या हृदयाभोवती पाणी साठले होते, म्हणून लाटा बुटक्या. मुंबईत ते काढले आणि तो वाचला.

मग लोक मला बघायला आले, हार घातला. मला फार ओशाळल्यासारखे झाले. चुकीचे उत्तरही मीच दिले होते, तितक्याच ठामपणे. पुढे नवी यंत्रे आली, सर निवृत्त झाले आणि मी इथे आलो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरे वाटेल. नाही पुसलीत तरी चालेल. पण यंत्राने माणसाविषयी काही सांगितले, की त्याच्या घरच्यांनाही एकदा विचारा. त्या दिवशी सत्यवतीला कोणी हार घातला नाही.