ड्रिलवालीला काय?

“डावा हात द्या.”

“अहो मावशी, सुरी उजव्या हातात असते माझ्या,” कॅन्टीनचा आचारी म्हणाला.

“म्हणूनच डावा. सुरी धरणारा हात कधी कापलाय का? कापतो तो बिचारा बटाटा धरणारा.”

रांगेत हसू पसरलं. आचाऱ्याने निमूटपणे डावा हात खिडकीतून आत सरकवला. मोजेमावशीने तो उलटासुलटा करून पाहिला आणि बारीक पोलादी कड्यांचा विणलेला मोजा त्यावर चढवला. पाण्यातून वर आलेल्या माशासारखा तो चमकला.

“आणि भाज्या चिरायच्या यंत्रापाशी जाताना?”

“काढून ठेवायचा. पाठ झालंय, मावशी. झोपेतही बडबडतो असं बायको म्हणते.”

दारं-खिडक्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात मोजेमावशीची खोली अगदी टोकाला होती. तिच्या छपराला दुधी रंगाचे पत्रे होते, त्यामुळे आत येणारं ऊन कधीच कडक नसे. ते गाळून घेतल्यासारखं येई. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तारा बांधलेल्या होत्या आणि त्यांवर धुतलेले हातमोजे वाळत असायचे. पंखा फिरला की ते सगळे हात हलवायचे. ‘ये’ म्हणतायत की ‘जा’ म्हणतायत, ते मात्र कळायचं नाही.

मावशीला माणसांचे चेहरे फारसे लक्षात राहत नसत. हात राहत. मोजा महिनाभर वापरला की त्याला मालकाच्या हाताचं वळण लागतं. तो रिकामा असला तरी बोटं तशीच वाकवून बसतो. दुपारी सगळं शांत झालं की मावशी फाटके मोजे शिवत बसे आणि तिला वाटे, आपण एका मोठ्या घरात आहोत, घरातली माणसं बाहेर गेलीयत आणि त्यांचे हात तेवढे आपल्यापाशी ठेवून गेलीयत.

तिची लेक लहान होती तेव्हा शाळा सुटली की याच खोलीत येऊन टेबलावर बसायची. मायलेकींचा एक खेळ होता.

“काचवाल्याला काय?” आई विचारायची.

“तळव्याला रबर लावलेला मोजा! काच निसटू नये म्हणून. आणि कोपरापर्यंत बाही. काच निसटलीच तर मनगटावर येते.”

“शाब्बास. पत्रेवाल्याला?”

“जाड! आत न कापणारा, वर चामड्याचा.”

“आणि कचरा उचलणाऱ्या काकांना?”

इथे लेक अडखळायची. “न कापणारा?”

“कापणं वेगळं आणि टोचणं वेगळं, बाळा. हे बघ, उजेडात धर. विणीला भोकं दिसतात ना? सुरी रागीट असते, ती अंगावर येते. सुई हुशार असते, ती वाट शोधते. म्हणून काकांचा मोजा निराळा. बरं, आता सांग, ड्रिलवाल्याला काय?”

“काही नाही!” दोन्ही हात पाखरासारखे हवेत फडफडवत लेक ओरडायची. हे उत्तर तिचं सगळ्यात आवडतं.

कारण फिरणारं यंत्र मोजा कापत नाही, गुंडाळतं. उघड्या हाताला फार तर ओरखडा येईल. मोजा एकदा का त्या फिरत्या दांड्यात अडकला, की हाताला घेऊनच आत जातो. आणि मोजा जितका मजबूत तितका वाईट, कारण तो फाटत नाही. मावशीने हे कितीतरी नव्या माणसांना सांगितलं होतं. कुणी हुज्जत घातली की ती खिडकीच लावून घ्यायची.

आज रांगेच्या शेवटी लेकच उभी होती. कामाचा पहिला दिवस. पॅकिंगमध्ये घेणार, असं ठरलं होतं. मावशीने सगळ्यात लहान मापाचा एक जोड कधीचा बाजूला काढून ठेवला होता. करड्या, बारीक धाग्याचा, सुरी फिरवली तरी न चिरणारा. मनगटापाशी तो सैल होता, म्हणून तिने आतून टाके घालून घेतले होते. लेकीचे हात तिच्यासारखेच लहान.

“दे हात.”

मोजे बसले. जणू हातावरच विणले होते.

“किती मऊ आहेत गं,” लेक म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “आई, मला पॅकिंगला नाही टाकलं. ड्रिलवर घेतलंय. मीच मागून घेतलं.”

मावशीने हात सोडला नाही. तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकत नसे. कुणी विचारलंच तर ‘दारात चिमटली’ म्हणून सांगायची. ती ताठ करंगळी लेकीच्या मनगटावर तशीच टेकून राहिली.

ड्रिलचे म्हातारे मिस्त्री नव्या मुलीला न्यायला आले होते.

“मिस्त्री, हिला पॅकिंगलाच घ्या हो.”

“ताई, तिचा हात बघितलाय मी. जराही हलत नाही. थेट तुमच्या—” मिस्त्रींचं लक्ष मावशीच्या करंगळीकडे गेलं आणि ते बोलायचे थांबले.

“मग निदान हे घालू दे तिला. पातळ तर आहेत. कुठे अडकतायत?”

बोलून झाल्यावर ते वाक्य तिलाच ऐकू आलं. याच वाक्यासाठी तिने आजवर कितीतरी जणांच्या तोंडावर खिडकी लावून घेतली होती. वीज गेली असावी; पंखा थांबला आणि तारेवरचे सगळे हात खाली लोंबून राहिले.

लेकीने मोजे घातलेले हात वर धरले आणि हळूच विचारलं, “आई, ड्रिलवालीला काय?”

दुधी उजेड जरा दाटल्यासारखा झाला. त्यात मावशीला एक हिवाळी सकाळ दिसली. तिची स्वतःची आई दारात उभी आहे, हातात लाल लोकरीचे मोजे आहेत. ‘लोखंडाचं यंत्र गं ते, बोटं गारठतील तुझी.’ मोजे ऊबदार होते. यंत्राने आधी लोकरीचा एकच धागा ओढला, तोही हळूच, लहान मुलाने बोट धरून चल म्हणावं तसा. त्या वेळी शेजारच्या यंत्रावर हेच मिस्त्री होते, तरुण. त्यांनी झेप घेऊन बटण बंद केलं, म्हणून करंगळीवरच भागलं.

“काही नाही,” मावशी म्हणाली.

तिने एकेका बोटावरून मोजा सोडवला. लेकीच्या बाह्या कोपराच्या वर घट्ट दुमडल्या, केस रुमालाखाली गच्च बांधले आणि हातात एक ब्रश दिला. “भुगा हाताने झाडायचा नाही, याने झाडायचा. तोही यंत्र पूर्ण थांबल्यावर. आणि पत्रे उचलायचं काम निघालं तर मोजे मागायला ये. लाजू नकोस.”

“येईन.”

“जा आता. मिस्त्री खोळंबलेत.”

थोड्या वेळाने वीज आली आणि तारेवरचे हात पुन्हा हलायला लागले. दिवसभर मावशी शिवत बसली. कारखान्याच्या सगळ्या आवाजांतून तिला ड्रिलचा तेवढा वेगळा ऐकू येत होता. धातूत शिरताना तो चढायचा, बाहेर येताना उतरायचा. तो चढला की तिची सुई थांबायची. उतरला की टाका पुढे जायचा. एका मोज्याचं बोट तिने चुकून शिवूनच टाकलं आणि मग सगळे टाके उसवले.

संध्याकाळी फाटकापाशी बोचरं वारं सुटलं होतं. लेक पळतच आली आणि हात पुढे करून उभी राहिली. तेलाने काळे झालेले आणि अंगठ्यावर एक बारीक ओरखडा.

“एवढंच,” ती म्हणाली.

मावशीने दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मग पिशवीतून तो करडा जोड काढला. “आता घाल.”

दोघी चालू लागल्या. रस्त्यावरचे दिवे एकेक करून लागत होते.

“मिस्त्रींनी सांगितलं मला,” लेक म्हणाली. “दारात नव्हती चिमटली.”

“फार बोलतात मिस्त्री.”

“आजीला कधीच कळलं नाही?”

“नाही.”

“का नाही सांगितलंस गं?”

“सांगणारच होते. पट्टी बांधून घरी गेले, तर ती दुसरा जोड विणत बसलेली.”

वाऱ्याने एक वाळकं पान त्यांच्यापुढे घरंगळत गेलं.

“मग त्याचं काय केलंस?”

“घातला ना. रोज. फाटकापर्यंत.”

लेकीने डाव्या हातातला मोजा काढून खिशात घातला आणि त्या उघड्या हाताने आईची न वाकणारी करंगळी धरली.