अंडी घालणारं घर

अंडं काखेत धरून ती खुराड्यासमोर उकिडवी बसली होती. फ्रिजमधलं अंडं कोमट व्हायला वेळ लागतो, आणि थंडगार अंडं घालणारी कोंबडी अजून जन्माला यायची होती. परसात पुरतं उजाडलं नव्हतं. जाळीआडून चार कोंबड्या तिच्याकडे बघत होत्या. कोंबडीला नीट बघायचं असलं की ती मान वळवून एकच डोळा लावते, आणि त्या एका डोळ्यात जगातला सगळा संशय मावतो.

"बघू नका अशा," ती पुटपुटली. "तुम्ही आपलं काम केलं असतंत, तर माझ्यावर ही वेळ आली नसती."

अंडं अंगाइतकं ऊबदार झालं तसं तिने ते भुशात जरासं लोळवलं, पेंढ्याच्या खळग्यात ठेवलं आणि खरं वाटावं म्हणून शेजारी एक पीस टाकलं. पिसांना तोटा नव्हता. चारही जणी पिसं गाळत होत्या. हेडबाईची मान उघडी पडली होती आणि तरीही तिचा रुबाब तसूभर कमी झाला नव्हता. भागूबाईचं शेपूट गेलं होतं. चालताना ती मधेच थांबून, मागे काहीतरी विसरल्यासारखी वळून बघायची. रुसकी कोपऱ्यात भिंतीला लागून होती. पाहुणी, जी कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी आली होती आणि राहिली, ती पेंढ्यावर पसरून अंडं आपलंच असल्यासारखी त्याच्याकडे सरकू लागली.

नावं सासूबाईंनी ठेवलेली. कोंबड्याही त्यांच्याच. सासूबाई गेल्या त्या कोंबड्यांना दाणे टाकायला म्हणून उठल्या तेव्हा, परसाच्या अर्ध्या वाटेत, टोपलीसकट. सांडलेले दाणे कोंबड्यांनी त्यांच्या आजूबाजूने टिपून खाल्ले. सासऱ्यांनी ते पाहिलं होतं, आणि पुढे बरेच दिवस ते खुराड्याकडे फिरकले नाहीत. खुराड्याकडेच काय, कुठेच फिरकले नाहीत. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत वरखाली केलेला माणूस भिंतीकडे तोंड करून आडवा झाला तो उठेचना. हाक मारली तर हं म्हणायचे. जेवा म्हटलं तर जेवायचे. स्वतःहून एक शब्द नाही.

मग एका सकाळी तिला कामावर जायला उशीर होत होता, तेव्हा ती दारातून ओरडली, "बाबा, तेवढं खुराडं उघडता का?" आणि सासरे उठले. परत आले तेव्हा दोन्ही हातांच्या ओंजळीत एक अंडं होतं.

"अजून गरम आहे," ते म्हणाले.

इतक्या दिवसांत त्यांनी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी ते तिच्या आधी उठले. मग रोजच. दाढी करू लागले. कोंबड्या त्यांच्या मागेमागे फाटकापर्यंत जायच्या, त्यांच्या बुटाची नाडी किडा समजून ओढायच्या, ऊन आलं की मातीत खड्डे करून अंगावर धूळ उडवत लोळायच्या, आणि सासरे खुर्ची टाकून ते बघत बसायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती त्यांना बघत बसायची. सगळं एकंदरीत बरं चाललं होतं.

आणि कोंबड्यांनी पिसं गाळायला घेतली, अंडी बंद केली, आणि सासरे एका सकाळी रिकाम्या हाताने परत आले. हात धुतले, खुर्चीवर बसले. चहावर साय धरली.

ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. त्या दिवशी एका पेशंटला "श्वास रोखा" म्हणाली आणि "सोडा" म्हणायचं विसरली. नवरा गाडी चालवायला शिकवायचा. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, त्यामुळे कसलीही काळजी लागली की त्याचा उजवा पाय आपोआप जमीन दाबू लागायचा. त्या संध्याकाळी त्याने बराच वेळ फरशी दाबली, मग उठून न्हाणीघराच्या दाराची आतली कडी काढली आणि ती मोडली असं जाहीर केलं.

"आण इकडे, दुरुस्त करतो," सासरे म्हणाले.

"नको बाबा. नवीनच आणू."

दोघा नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने काखेत अंडं धरायला सुरुवात केली.

"आज दोन," काही दिवसांनी सासरे म्हणाले आणि टेबलावर दोन अंडी ठेवली.

तिने एकच ठेवलं होतं. तिला इतका आनंद झाला की तिने खिडकीतून हेडबाईला हात केला. त्या आठवड्यात एकदा तर तीन निघाली. ज्यांच्या अंगावर धड पिसं नाहीत अशा कोंबड्यांनी एवढं मनावर घ्यावं याचं तिला कौतुक वाटलं. मग एका पहाटे ती नेहमीपेक्षा उशिरा परसात आली, तर खुराड्याशी नवरा वाकलेला.

"काय करतोयस?"

"काही नाही. कोंबड्या बघतोय."

"हातात काय आहे?"

"मोजा."

"आणि मोज्यात?"

नवऱ्याने मोज्याकडे पाहिलं. मोज्यात अंडं निघाल्याचं आश्चर्य त्याने बऱ्यापैकी वठवलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तू कधीपासून?"

दोघं पायरीवर बसली आणि तोंडावर हात धरून हसली. हसता हसता तिला रडू आलं, तेव्हा नवऱ्याने डोळे पुसायला मोजा पुढे केला. तो तिने घेतला नाही.

"एकाच घरात दोन कोंबड्या नकोत," ती म्हणाली. "तू थांब. मी ठेवत जाईन."

"मी चांगला ठेवत होतो."

"तीन निघाली त्या दिवशी तू किती ठेवलीस रे?"

"दोनच. मला वाटलं होतं, बाबांना जरा बरं वाटेल."

नवऱ्याने अंडी ठेवणं थांबवलं. दुसऱ्या दिवशी सासरे परसातून आले आणि टेबलावर दोन अंडी ठेवली. तिने खिडकीशी जाऊन चारही कोंबड्यांकडे नीट पाहिलं. चौघींनी तिच्याकडे एकेका डोळ्याने पाहिलं. तेव्हापासून रोज दोन.

"शपथ घे तू ठेवत नाहीस म्हणून," तिने नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं.

"तुझी शपथ."

"माझी नको. गाडीची घे."

त्याने गाडीची घेतली, म्हणजे खरंच असणार.

दवाखान्यात जाताना तिने पाहुणीला बाजाराच्या पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी पाहुणीला उलटी धरली, पोट चाचपलं, पिसांची मुळं बघितली. पाहुणीने ते सगळं, दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय अशा चेहऱ्याने करू दिलं.

"आजारी नाही. पिसं बदलतेय. आणि वय झालंय. नवी पिसं पुरती येईपर्यंत अंड्याचं नाव काढू नका."

"पण आमच्याकडे रोज एक निघतं. म्हणजे, खरं."

"खरं म्हणजे?"

"मी ठेवते ते सोडून."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पाहुणीकडे पाहिलं.

"बाकीच्या तिघींचीही पिसं गळतायत?"

"हो."

"मग यांच्यातली कुणी नाही. घरात आणखी कोण आहे?"

"मी, नवरा, सासरे."

"मला फक्त पक्ष्यांमधलं कळतं," असं म्हणून डॉक्टरबाई हात धुवायला गेल्या.

तिने ठरवलं की डॉक्टरबाईंचं चुकलं. ती स्वतः दवाखान्यात कामाला होती. असं होऊ शकतं हे तिला चांगलं माहीत होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी दोन अंडी आणून टेबलावर ठेवली आणि पेपर उघडून बसले. नवरा टेबलापाशी ब्रेडला लोणी लावत होता. तिने पहिलं अंडं वाडग्यात फोडलं. दुसरं काठावर आपटलं. तडा गेला, पण आतून काही आलं नाही. तिने ते कानाशी हलवलं. मग कवच सोललं. आत पांढरं, गुळगुळीत, व्यवस्थित उकडलेलं अंडं होतं.

ती ते तळहातावर धरून उभी राहिली.

उकडलेली अंडी घरात नवऱ्यासाठी असत. शिकाऊ लोकांच्या गाडीत बसून त्याला भूक फार लागायची, म्हणून तो एकदम बरीच उकडून फ्रिजमध्ये डाव्या हाताला डब्यात ठेवायचा. कच्ची दाराच्या कप्प्यात. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणजे स्वयंपाकघरात ज्यांचा वावर होता त्या सगळ्यांना. सासरे आयुष्यभर स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच आले होते, ते चहा झाला का विचारायला.

"बाबा," ती म्हणाली, "हे उकडलेलं आहे."

पेपर हलला नाही.

"कुठलं?"

"खुराड्यातलं."

"उकाडा वाढलाय," सासरे म्हणाले. त्यांच्या अंगात स्वेटर होता आणि डोक्याला कानटोपी.

नवऱ्याला हसू फुटलं. बाकी कुणी हसलं नाही, म्हणून त्याने ते ब्रेडच्या घासाबरोबर गिळलं. सासऱ्यांनी पेपरची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली.

"माझ्या खिडकीतून खुराडं दिसतं," ते म्हणाले. "आधी तू यायचीस, काखेत अंडं धरून. तू गेलीस की हा यायचा, मोजा घेऊन. एकमेकांना चुकवून. रांगेत उभं राहायचं तेवढं बाकी होतं."

"तुम्ही रोज बघत होतात? इतक्या पहाटे?"

"जागाच असतो मी."

ती खुर्चीवर बसली.

"मग तुम्ही कशाला ठेवलंत?" नवऱ्याने विचारलं.

"तू यायचा बंद झालास. मला वाटलं, झोप लागली असेल. म्हटलं, रोजच्या दोनाचं एक झालं की ही धसका घेईल." सासरे तिच्याकडे बघत नव्हते. "त्या दिवशी रिकाम्या हाताने आलो, तर न्हाणीघराची कडी गेली. चमचे मोजावेत तशा तुम्ही माझ्या गोळ्या मोजायला लागलात. रात्री दार ढकलून बघून जाता. मला कळत नाही होय? म्हटलं, अंडी आणलेली बरी."

"बाबा, आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं ते माहितीये. लिफ्ट मधेच अडकली ना, की आतल्यापेक्षा बाहेरचे जास्त घाबरतात. दार बडवतात, ओरडतात. मग आतल्याला ओरडून सांगावं लागतं, मी ठीक आहे, मी ठीक आहे. असो नसो."

नवऱ्याचा उजवा पाय टेबलाखाली फरशी दाबत होता.

"आहात का ठीक?" तिने विचारलं.

सासऱ्यांनी हात पुढे केला. तिने उकडलेलं अंडं त्यांच्या हातावर ठेवलं. एका बाजूला कवचाचा तुकडा चिकटून राहिला होता, तो त्यांनी नखाने काढला.

"नाही," ते म्हणाले.

परसात हेडबाईने कशावरून तरी ओरडा केला आणि बाकीच्या तिघींनी तिला दुजोरा दिला. पुन्हा शांत झालं.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आणि उजाडलं की तुम्हाला दिसावं म्हणून तरतरीत चालत जायचं. दाढी करायची. दोन अंडी बघून आश्चर्य दाखवायचं." त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. "फार दमायला होतं गं."

तिने मीठ पुढे सरकवलं.

"उद्या मी उठलो नाही, तर चालेल का?"

नवऱ्याने तोंड उघडलं. तिने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला.

"चालेल," ती म्हणाली.

"घाबरणार नाही ना?"

"घाबरू. पण चालेल."

सासऱ्यांनी अंड्याचे दोन भाग केले आणि एक तिच्यासमोर ठेवला.

संध्याकाळी नवरा खणातून कडी काढून न्हाणीघराच्या दाराशी गेला. स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन तो तिथे बराच वेळ उभा होता. मग कडी परत खणात ठेवून आला.

सकाळी ती फ्रिज न उघडताच परसात जायला निघाली, तर नवरा सासऱ्यांच्या बंद दाराबाहेर उभा.

"उठले नाहीत," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"सांगितलंय त्यांनी."

"तरी. एकदा उघडून बघतो."

"नको."

"अगं, काहीच हालचाल नाही. एरवी कूस बदलली तरी पलंग वाजतो."

दाराच्या मुठीवर त्याचा हात होता, तो तिने धरला. काढला नाही, नुसता धरला. घरात पाण्याच्या टाकीत पाणी पडत होतं तेवढा आवाज. तिला वाटलं, आपण चुकलो. चालेल असं म्हणायला नको होतं. एका अंड्याने माणूस उठत असेल, तर शंभर ठेवली असती. नवऱ्याचं मनगट तिच्या हाताखाली थंड पडलं होतं.

मग आतून आवाज आला. आधी एक लांब, खरखरीत ओढ, मग मधेच काहीतरी अडकल्यासारखी शांतता, आणि मग पूर्ण ताकदीने घोरणं. बेसूर, घरभर ऐकू जाईल असं. सासूबाई गेल्यापासून या घरात ते ऐकू आलं नव्हतं.

नवरा तिथेच, दाराला पाठ लावून, फरशीवर बसला.

परसात खुराडं कुणी उघडलं नव्हतं. आत आरडाओरड सुरू झाली होती. तिने जाळीचं दार उचललं तशा चौघी एकमेकींना ढकलत बाहेर पडल्या आणि सवयीप्रमाणे सासऱ्यांच्या खिडकीकडे धावल्या. हेडबाईने मान ताणली आणि ओरडायला चोच उघडली.

"हळू," ती म्हणाली. "झोपलेत."