वाटीभर खळगा

रविकिरणनं बार छातीवरून वर ढकलला, तो अर्ध्यावर अडकला, आणि ट्रेनर योगीराजनं तो वरच्यावर धरून जागेवर ठेवला. बास करा, असं तो म्हणाला नाही. पण पुढचं वजनही चढवलं नाही.

बनशंकरीतल्या या जिममध्ये रविकिरण अकरा महिने येत होता. रोज सकाळी सहाला. सण म्हणून चुकवलं नाही की पाऊस म्हणून नाही. घरात अंड्याला मज्जाव, त्यामुळे पनीर आणि भिजवलेले शेंगदाणे खाऊन त्याला वीट आला होता. आणि हे सगळं कशासाठी, तर छातीच्या मधोमध आमटीची वाटी बसेल एवढा जन्मजात खळगा होता, तो भरावा म्हणून. पाच आठवड्यांवर लग्न आलं होतं. त्यांच्यात नवरामुलगा सोवळ्यात, उघड्या अंगानं बसतो. खांद्यावर नुसतं उपरणं, आणि ते काही एका जागी राहत नाही. समोर जयनगरचं सगळं सासर, आणि संहिता. तिनं त्याला आजवर शर्टातच पाहिलं होतं.

योगीराज निपाणीकडचा, गोड बोलून वेळ मारून नेणारा नव्हता. त्यानं रविकिरणला आरशासमोर नेऊन टी-शर्ट वर करायला लावला. दोन्ही बाजूंचे स्नायू खरंच भरले होते. त्यामुळेच मधला खळगा आणखी खोल दिसत होता.

"सर, हाडच आत गेलंय. मांस नुसतं कडेनं वाढतंय. मला आधीच कळायला पाहिजे होतं बघा. चुकलं माझं."

रविकिरणला त्याचा रागसुद्धा आला नाही. जिमचं कार्ड काउंटरवर परत करून तो निघाला. सिग्नलला थांबला तेव्हा हेल्मेटच्या काचेआड रडू फुटलं. तेहतीस वर्षांचा माणूस, बँकेत अधिकारी, आणि वाटीभर खड्ड्यापायी रस्त्यात रडतोय, याची त्याला लाज वाटली. तरी रडू थांबेना. मागच्या रिक्षानं हॉर्न मारला तेव्हा कुठे तो हलला.

घरी सांगणार कुणाला? आई पत्रिका वाटण्यात बुडालेली. वडिलांनी, नरसिंहरावांनी, पहिल्यापासून रजिस्टर लग्नाचा धोशा लावला होता. कशासाठी ते रविकिरण ओळखून होता: चारचौघांत पोराची असली छाती दिसायला नको. लहानपणी त्यांनीच त्याला ढगळ शर्ट आणून दिले, मोठा झालास की भरेल म्हणाले आणि विषय संपवला. स्वतः तर ते मठातल्या पंगतीलाही कधी बसले नाहीत. तिथं शर्ट-बनियन काढूनच बसावं लागतं. हे आपले बाहेर सगळ्यांच्या चपला राखत थांबायचे. नातेवाईक त्यांना मानी म्हणत. रविकिरण मनातल्या मनात आढ्यतेखोर म्हणे.

तो जिना चढून आला तेव्हा नरसिंहराव दारातच उभे होते. त्यांनी त्याला खोलीत घेतलं आणि कडी लावली. पलंगावर लग्नासाठी आणलेलं त्यांचं सोवळं आणि उपरणं घडी मोडून पडलं होतं. नवऱ्यामुलाच्या बापालाही तसंच बसावं लागतं, हे इतक्या दिवसांत रविकिरणच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अण्णा, रजिस्टरचं परत काढू नका."

पाठमोरं होऊन त्यांनी शर्टाची बटणं सोडली, मग बनियन काढलं, आणि सावकाश वळले. छातीवरच्या पांढऱ्या केसांत तोच खळगा होता, त्याच जागी, रविकिरणच्यापेक्षाही खोल. त्यांनी त्यावर चटकन पंजा ठेवला. तो आत नीट बसला.

"तुझ्या त्या जिमवाल्याला विचारशील?" नरसिंहराव खाली बघत म्हणाले. "अडुसष्टाव्या वर्षी स्वल्प तरी भरेल का रे? पाच आठवडे आहेत अजून."

रविकिरणच्या खांद्यावर अजून बॅग तशीच होती. त्यानं ती खाली ठेवली आणि पलंगावरचं बनियन उचलून त्यांच्या हातात दिलं.

"भरेल," तो म्हणाला. "उद्या सहाला तयार राहा."