टकटकणारी डिस्क

थळच्या नीराबाईंनी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं पहिली-दुसरी शिकवली. सहा वर्षांच्या पोराला ‘ळ’ काढता येत नसेल, तर त्याचा हात हातात धरून त्या चाळीस वेळा गिरवून घेत आणि एक्केचाळिसाव्या वेळीही त्यांचा आवाज चढत नसे. पण ही सगळी माया पोराला मिसरूड फुटेपर्यंतच. समोरचा कागद न वाचता सही ठोकणारे, प्रश्न पुरता न ऐकता उत्तर देणारे मोठे लोक त्यांनी मनातल्या मनात एका वेगळ्या तुकडीत बसवले होते. त्या तुकडीचं नाव ‘मानडोले’. खताच्या कारखान्यातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान, चांगदेव, सांगत, की लग्न ठरताना आपण फक्त मान डोलावली, तेव्हापासून आपलं नाव त्या तुकडीच्या हजेरीत आहे.

या तुकडीचा मॉनिटर म्हणजे विपुल. तो बाईंचाच विद्यार्थी. अलिबागच्या बाजारात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि पाटीवर नावाआधी ‘इंजिनिअर’ लिहिलेलं होतं. तो कुठल्या परीक्षेनं इंजिनिअर झाला, हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली माणसं बाईंनी पुष्कळ पाहिली होती. हा हळकुंडाचा नुसता वास घेऊन पिवळा झालेला होता.

बाईंच्या अकरा वर्षं जुन्या कॉम्प्युटरला नवे अपडेट मिळणं बंद झालं, तेव्हा त्यानं मशीन चालूही न करता निकाल दिला, की हे भंगारात घाला. मोडलंय काय, असं बाईंनी विचारलं. मोडलं काही नाही, पण जुनं झालंय, असं तो म्हणाला. हे ऐकून चांगदेव उठले आणि पायात चप्पल सरकवत म्हणाले, “मी आपला वाडीत जाऊन बसतो. याचं माझ्याकडं लक्ष जायला नको.”

बाईंनी भंगार काढलं नाही. पनवेलला राहणारी त्यांची भाची हेमाली हिनं फोनवर सांगितलं, की लिनक्स नावाची प्रणाली फुकट मिळते, जुन्या मशीनवरही चालते, फक्त जरा वाचावं लागतं. हे शेवटचं कलम ऐकूनच बाईंनी ती घ्यायचं ठरवलं.

लिनक्स चढवायला एक सकाळ पुरली. पण पडद्यावर सगळं फुगलेलं दिसू लागलं. अक्षरं बसकी, माणसांचे चेहरे आडवे. वर्तुळ काढावं तर अंडं उमटे. मशीनमधल्या ग्राफिक कार्डाला योग्य ड्रायव्हर मिळालेला नाही, एवढं बाईंना वाचून कळलं. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि प्रणाली यांच्यामधला दुभाषी. यादीत तीन होते. बाईंनी सर्वांत नवा निवडला, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि पडदा काळाठिक्कर पडला. कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी उघडझाप करत राहिली.

“अमावास्या,” चांगदेव म्हणाले.

दोन दिवस बाई मोबाईलवर वाचत बसल्या. ओळीखाली फूटपट्टी धरून, एकेक वाक्य वहीत उतरवून, समोर त्याचा मराठीत अर्थ. तिसऱ्या दिवशी उलगडलं, की नव्या दुभाष्याला त्यांच्या कार्डाची जुनी भाषा येतच नव्हती. यादीत त्याच्या नावाखाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं. ती ओळ न वाचता बाईंनी बटण दाबलं होतं. त्या संध्याकाळी त्या स्वतःशीही नीट बोलल्या नाहीत. मग मशीन दुरुस्तीच्या पद्धतीनं सुरू करून, काळ्या पडद्यावर एकेक अक्षर तपासत, त्यांनी तो ड्रायव्हर काढून टाकला आणि यादीतला, कार्डाची भाषा येणारा जुना ड्रायव्हर बसवला. अंड्याचं वर्तुळ झालं. चांगदेवांनी ते तीनदा काढायला लावलं.

आता खरं काम उरलं होतं.

कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क होत्या. एका छोट्या डिस्कवर लिनक्स बसलं होतं. दुसरी, मोठी आणि जुनी, गेले महिनाभर टकटक आवाज करत होती, आणि असा आवाज करणारी डिस्क फार दिवस काढत नाही, हे बाईंनी वाचलं होतं. त्या डिस्कवर सहाशे अकरा पोरांचे आवाज होते. दरवर्षी पहिलीचा वर्ग भरला, की प्रत्येक पोरानं घरी ऐकलेली एक गोष्ट घरच्याच बोलीत सांगायची आणि बाईंनी ती टेपवर घ्यायची, असा त्यांचा रिवाज होता. कॅसेटना खाऱ्या हवेनं बुरशी चढली तेव्हा हेमालीनं होते तेवढे आवाज या डिस्कवर उतरवले आणि कॅसेट फेकून दिल्या. दुसरी प्रत कुठंही नव्हती. त्यातला एक आवाज कोळीवाड्यातल्या जनीच्या लेकाचा होता. तो चोविसाव्या वर्षी मासेमारीला गेला तो परतलाच नाही. जनी वर्षातून एकदा येई, गोष्ट ऐकून घेई आणि एक शब्द न बोलता निघून जाई.

नवी डिस्क विपुलच्याच दुकानात मिळाली. जुनीच्याच कंपनीची, तेवढ्याच मापाची. ती द्यायला रविवारी सकाळी तो स्वतः आला आणि कुणी ‘बस’ म्हणायच्या आत बाईंच्या खुर्चीत बसला. पडदा पाहून हसला. हे लिनक्स म्हणजे फुकटातलं, कॉलेजच्या पोरांचा टाइमपास, असं म्हणाला. बाईंची वही उघडून दोन पानं चाळली आणि मिटून बाजूला ठेवली. डिस्क कुठल्या रांगेत दिसतात, कुणाचा नंबर काय, हे सगळं त्या वहीत होतं.

“बाई, एवढं लिहीत बसायचं नसतं. नेटवरनं कमांड उचलायची, टाकायची, एंटर. होऊन जातं.”

होऊन जातं म्हणणाऱ्यांनी या गावात काय काय होऊन जाऊ दिलं, त्याची यादी बाईंपाशी होती, पण ती रविवारभर पुरली असती.

विपुलनं मशीन बंद करून कॅबिनेट उघडलं, फुंकर मारून धूळ बाईंच्या अभ्यासाच्या टेबलावर उडवली, होत्या त्या सगळ्या केबल उपटल्या, नवी डिस्क बसवली आणि केबल हाताला येतील तशा परत खोचल्या. कुठली केबल कुठून काढली होती, हे त्यानं पाहिलं नाही. बाईंनी पाहिलं. मशीन सुरू झालं. टकटक, टकटक.

पडद्यावर तीन डिस्कची यादी आली. एसडीए, एसडीबी, एसडीसी. पहिली लहान, उरलेल्या दोन जुळ्या भावांसारख्या एकाच मापाच्या. विपुलनं क्षणभरही विचार केला नाही. नवा पाहुणा पंगतीत शेवटी बसतो, तेव्हा शेवटची ती नवी. ती पुसायची, आखायची, वापरायला घ्यायची. त्यानं मोबाईलमधली कमांड पडद्यावर उतरवली, शेवटी एसडीसी टाकलं आणि एंटर दाबलं.

मशीननं काम सुरू केलं नाही. त्यानं इंग्रजीत एक प्रश्न विचारला, की या डिस्कवर आधीच आखणी केलेली दिसते, तरी पुढं जायचं का? हो किंवा नाही.

विपुलचं बोट ‘हो’च्या अक्षराकडे निघालं. बाईंनी फूटपट्टी आडवी घातली. ती त्याच्या बोटावर बसली. फार जोरात नव्हे, पण चांगदेवांना वाडीत ऐकू जाईल इतकी.

“कोऱ्या वहीत आधीपासून काय लिहिलेलं असतं, विपुल?”

“ते कंपनीचं काहीतरी असतं हो. सगळ्यांनाच विचारतं ते. मी रोज दहा करतो.”

“रोज दहा करतोस. त्यातल्या किती वाचतोस?”

तो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ‘नाही’चं अक्षर स्वतः दाबलं आणि त्याला खुर्चीतून उठायची खूण केली. तो उठला. पस्तिशी उलटलेला माणूस. पण ती खूण त्याच्या पायांना अजून ओळखीची असावी.

मग बाईंनी जे सांगितलं, ते त्यांनी दरवर्षी नव्या शिक्षकांना सांगितलं होतं. हजेरी नंबर हा मुलाचा नसतो, रांगेचा असतो. वरचा एक मुलगा शाळा सोडून गेला, की खालच्या सगळ्यांचे बदलतात. मुलाचा स्वतःचा नंबर म्हणजे जनरल रजिस्टरचा. तो दाखल होताना एकदा मिळतो आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तोच असतो. हजेरी नंबरावर विसंबून दाखला लिहिलास, तर एकाची जन्मतारीख दुसऱ्याच्या गळ्यात पडते. एसडीबी, एसडीसी हे हजेरी नंबर. केबल इकडच्या तिकडं केल्या, की रांग बदलली.

“नव्या डिस्कच्या खोक्यावर तिचा सिरीयल नंबर आहे. वाच.”

विपुलनं भराभर वाचला. बाईंनी परत वाचायला लावला, एकेक अक्षर, बोट ठेवून. मग त्यांनी वहीत बघून दोन बोटांनी हळूहळू एक कमांड टाकली, तसे पडद्यावर तिन्ही डिस्कचे सिरीयल नंबर आले. खोक्यावरचा नंबर एसडीबीसमोर होता. एसडीसीसमोर जो होता, तो बाईंच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेला होता. जुनी डिस्क. टकटक करत होती ती.

विपुलनं वहीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. आणि मग, बाईंना ज्याची खात्री होती, तेच बोलला. गेलं असतं तरी टेन्शन नव्हतं, त्याच्याकडे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर आहे.

फूटपट्टीचा आवाज ऐकून वाडीतून येऊन दारात उभे राहिलेले चांगदेव आत आले. “म्हणजे घर जाळायचं, आन् मग सांगायचं माझ्याकडं बंब हाय.”

बाईंना राग आला नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. त्यांनी विपुलला भिंतीशी उभं राहून बघायला सांगितलं, नवी डिस्क स्वतः आखली, प्रणालीला जोडली आणि ती पुढं नंबरानंच ओळखली जाईल, अशी नोंद केली. प्रत्येक ओळ टाकण्याआधी त्या ती मोठ्यानं वाचत होत्या. त्यानं दोनदा शॉर्टकट सुचवला. दोन्ही वेळा फूटपट्टी नुसती उचलली गेली.

प्रत काढणं सुरू झालं. फायलींना पोरांची नावं होती. रुचिता, दिपेश, सम्यक, एकामागून एक सरकू लागली. मध्येच विपुल पुढं वाकला.

“बाई, यात मी पण आहे?”

“आहेस. आत्ताच पुसणार होतास.”

तो परत भिंतीशी गेला. चारशेच्या आसपास डिस्क अडकली. टकटक थांबली आणि पडद्यावर काही हलेना. जनीच्या लेकाचं नाव अजून यायचं होतं. विपुल बोलायला लागला, तर चांगदेवांनी ओठांवर बोट ठेवलं. दोन मिनिटांनी टकटक परत सुरू झाली, आणि तो आवाज ऐकून आनंद व्हावा, असं बाईंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. थोड्या वेळानं जनीच्या लेकाचं नाव आलं आणि पलीकडे गेलं.

सव्वा तासानं काम संपलं. सहाशे आठ उतरले. तीन वाचता आले नाहीत. बाईंनी आणखी दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा जुनी डिस्क यादीतून नाहीशीच झाली आणि मग परत दिसली नाही.

“सहाशे अकरात तीन म्हणजे काहीच नाही, बाई,” विपुल म्हणाला. “नाइन्टी-नाइन परसेंट. कडक रिझल्ट.”

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. सहा वर्षांच्या कुठल्याही पोराकडे त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. डिस्कचे पैसे आधीच दिलेले होते, चहा कुणी विचारला नाही. तो गेला.

बाईंनी वहीत तीन नावं लिहिली. त्यातल्या पहिल्याचा, ओंकारचा, नंबर चांगदेवांकडे निघाला. तो उरणच्या बंदरातून ट्रेलर चालवत होता. बाईंनी फोन लावला, मोबाईलवरच रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि त्यानं नमस्कार म्हणायच्या आत सांगितलं, की पहिलीत असताना त्यानं खाडीकाठच्या खाजणातल्या खेकड्याची एक गोष्ट सांगितली होती, ती आता आठवेल तशी, आजी सांगायची तशी, परत सांगायची आहे.

पलीकडून हॉर्न ऐकू आले.

“बाई, आता? गाडी चालवतोय मी. पाठी लायनी लागल्यात.”

“मग बाजूला घे,” नीराबाई म्हणाल्या.