ताईची बेटं

त्या दिवशी ताईने मला फोनवरच्या खेळात आणखी एक बेट दिलं आणि मी हुरळून जाऊन त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. निळसर पाणी, धुक्यातून अर्धी वर आलेली टेकडी, टेकडीवर दीपस्तंभ आणि त्यावर माझा पिवळा झेंडा. खाली लिहिलं, 'बघा, साम्राज्य वाढतंय!' दादाने नुसता अंगठा पाठवला. एरवी तो एवढ्यावर सोडतो होय! गाडी शिकवण्यात हयात गेलेला माणूस. खेळातसुद्धा 'आधी आरशात बघ, मग वळ' असं सुनावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

ग्रुपमध्ये आम्ही तिघंच. ताई, दादा आणि मी शेंडेफळ. राहतो तीन शहरांत, पण समुद्र एकच. आपापली बेटं वसवायची, रोज एक चाल खेळायची आणि दीपस्तंभ पेटते ठेवायचे, एवढाच खेळ. दिवे विझले की धुकं बेट गिळतं आणि ते पुन्हा कुणालाच मिळत नाही. दादा नियम समजावतो, ताई देखणे स्क्रीनशॉट टाकते, मी चुका करते. माझ्यावर हल्ला करायचा नाही, हे त्या दोघांनी परस्पर ठरवून टाकलंय. लहानपणी लपाछपीत मी कच्चं लिंबू होते. चाळिशी आली, तरी बढती नाही.

मी एका हॉटेलच्या तळघरात, लॉंड्रीत इस्त्री करते. दुपारी मोठ्या रोलरमधून चादरी येत राहतात, वाफेत समोरची भिंत दिसेनाशी होते आणि मी उभ्या उभ्या तरंगायला लागते. त्या दुपारी त्या पांढऱ्याशुभ्र पाण्यावर मी ताईची बेटं एकेक करून मांडत होते. हे पवनचक्क्यांचं. हे शिंपल्यांच्या बाजाराचं. हे उतरत्या पायऱ्यांचं, जिथे शेवटची पायरी पाण्याखाली जाते आणि तरीही दिसत राहते. ताई नकाशे काढणाऱ्या कचेरीत आहे, तिची गल्लीबोळंसुद्धा रेखीव. आणि हे सगळं आता माझं! किती लाड करते माझे, असं मनात आलं आणि मी गालातल्या गालात हसले.

मग वाटलं, पण तिच्याकडे काय उरलं?

मी फोन काढला आणि ग्रुपवर मागे मागे जात राहिले. दादाने कधीतरी मला शिकवायला नियमांच्या पानाचा स्क्रीनशॉट टाकला होता. तेव्हा मी तो वाचला नव्हता. 'खेळाडू बरेच दिवस येणार नसेल तर त्याने आपली बेटं मित्राला द्यावीत. म्हणजे दिवे विझत नाहीत.'

हे लाड नव्हते. ही निरवानिरव चालली होती.

ताईला फोन केला. "काही नाही गं, कामाचा व्याप वाढलाय," ती म्हणाली. दादाला केला. "तू कशाला डोकं शिणवतेस?" तो म्हणाला. म्हणजे त्याला माहीत होतं. आईच्या आजारपणातही यांनी असंच केलं होतं. मला सांगितलं ते सगळं आटोपत आल्यावर. असा संताप आला मला!

ताईने पाठवलेलं शेवटचं बेट, तिचं सगळ्यात पहिलं, माझ्या पडद्यावर थांबलं होतं. 'स्वीकारा' एवढंच दाबायचं होतं. पण खेळात भेट फक्त मित्रालाच देता येते. मी मैत्री मोडली, ताईशी युद्ध पुकारलं आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. पाणी तांबूस झालेलं, आणि माझी सगळी जहाजं तिच्या एकुलत्या एक बेटाकडे तोंड करून उभी.

'हे काय दिवे लावलेस?' दादाने लिहिलं. 'चुकून दाबलंस का?'

'मुद्दाम दाबलं,' मी लिहिलं.

लगेच ताईचा फोन आला.

"वेडी आहेस का? माझ्याशी युद्ध?"

"हो. आता तुला मला काही देता येणार नाही. रोज येऊन स्वतःचे दिवे स्वतः लाव."

"आणि नाही जमलं तर?"

"तर का जमणार नाही, ते सांग."

मी हटले नाही. वाफ माझ्या तोंडावरून हळूहळू सरकत होती.

"डोक्यात गाठ आहे," ती म्हणाली. "काढणारेत पुढच्या आठवड्यात. जिवाला धोका नाही म्हणतात. पण ती डोळ्यांच्या नसेला चिकटलीय. नंतर दिसेल की नाही, कुणी सांगू शकत नाही." मग म्हणाली, "म्हटलं, दिसतंय तोवर तुझ्या झेंड्याखाली बघून घ्यावीत. छान दिसतात गं."

मी रडले. लपवलं वगैरे नाही, चांगली हुंदके देऊन रडले आणि तिनेही मला रडू दिलं.

"मी उद्याच येते," मी म्हटलं.

"ये." तिचा आवाज पहिल्यांदाच थकलेला वाटला. "मला सगळी धावपळ तुझ्याकडूनच करून घ्यायचीय. आणि दादाला जरा सांभाळ, त्याला हे झेपत नाहीये."