बिनमिठाचं कालवण

त्या मंगळवारी कामोठे गावातल्या म्हात्र्यांच्या घरात चमत्कार झाला. दिपिका कालवणात मीठ घालायला विसरली आणि सासऱ्याने ताट भिरकावलं नाही!

भिरकावणं सोडाच, तुळशीराम आजोबांनी ते कालवण गपगुमान संपवलं, हात धुतला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

आता हे आजोबा कोण, ते आधी ऐका. चाळीस वर्षं मिठागरावर राबलेला माणूस. मिठाचा खडा दाताखाली फोडून तो कुठल्या आगराचा ते सांगणारा. आणि कालवणात चिमूटभर जरी कमी पडलं, तर "मिठागरवाल्याच्या घरान अळनी जेवन?" म्हणून आख्खी आळी गोळा करणारा! दिपिका लग्न होऊन आल्यापासून अठरा वर्षं हेच ऐकत होती.

"देवाने ऐकलं गं बाई माझं," ती लेकीच्या कानात म्हणाली. "म्हातारा निवळला एकदाचा!"

लेक म्हणजे समृद्धी, दहावीतली. तिने मात्र हातातला घास ताटात ठेवला. कुठेतरी माशी शिंकली होती.

ती आठवायला लागली. मिठागरावरचे सोबती काशिराम दिवाळीआधी गेले, तेव्हापासून आजोबा नाक्यावर बसायला गेले नव्हते. टीव्हीवर कबड्डी लागली तरी मान वर करत नव्हते. कोंबडा आरवायच्या आधी उठून नुसते बसायचे. कधी गुडघे दुखतात म्हणायचे, कधी पोट. तपासण्या सगळ्या ठीक. आणि गेल्याच आठवड्यात शाळेत आलेल्या समुपदेशक ताई म्हणाल्या होत्या, म्हाताऱ्या माणसांचं नैराश्य रडून दिसतंच असं नाही. ती गप्प होतात, झोप उडते, अंग दुखतं, आवडीचं काही आवडेनासं होतं. आणि घरचे म्हणतात, वय झालं!

समृद्धी ताडकन उठली. अगं बाई, ताई तर आपल्या आजोबांबद्दलच बोलत होत्या!

"पप्पा, आजोबांना डिप्रेशन आहे. डॉक्टरकडे न्यायला हवं."

प्रितमने फोनमधून डोकंही काढलं नाही. "सत्तरी उलटली त्यांची. शांत बसतायत तर बसू दे की. तसल्या डॉक्टरकडे नेलं तर गाव काय म्हणेल?"

नववीपर्यंत हजेरीसुद्धा पुटपुटत देणारी ही पोरगी यंदा वक्तृत्वात पहिली आली होती. ती कसली गप्प बसते!

"ठीक आहे. रविवारी जेवण माझं!" तिने जाहीर केलं.

रविवारी तिने ताजे बोंबील आणले, आलं-लसूण वाटलं, कोकमं टाकली. मीठ? एक कणसुद्धा नाही. पानं वाढताना तिचं काळीज असं धडधडत होतं, की वक्तृत्वाच्या स्टेजवरही इतकं धडधडलं नसेल.

"ईऽऽ! समृद्धे, मीठ कुठाय?" आई ओरडली.

"काय गं हे! पाणचट!" पप्पांनी घास खाली ठेवला.

"आजोबांकडे बघा," समृद्धी हळूच म्हणाली.

आजोबा जेवत होते. घासामागून घास.

"आजोबा, कसं झालंय?"

"चांगला हाय."

"मीठ बरोबर आहे?"

"हाय ना, पोरी."

प्रितमचा हात ताटातच राहिला. याच बापाने मिठापायी भिरकावलेली ताटं तो लहानपणी अंगणातून उचलून आणायचा. त्याने बापाकडे असं बघितलं, जणू कित्येक महिन्यांनी बघत होता.

"बाबा, तुमाला कसा वाटतंय?"

आजोबा ताटातलं कालवण बोटाने ढवळत राहिले. मग म्हणाले, "काय वाटतच नाय रं. सकाली उठलो का वाटतं, कशाला उठलो."

सोमवारी प्रितमने सुट्टी टाकली. "मी काय येडा हाय?" आजोबा रिक्षात बसेनात.

"गुडघ्यासाठी चार डॉक्टर केलेत ना? मग हा पाचवा!" समृद्धीने त्यांचा हात धरून बसवलंच.

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासायला दिलं, मग आजोबांशी तासभर बोलल्या. "हा आजार आहे, म्हातारपण नाही," त्या म्हणाल्या. "बरा होतो. पण गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील. तोवर यांना एकटं पडू देऊ नका."

समृद्धी रोज क्लास सुटला की त्यांना खाडीपर्यंत फिरवायला न्यायची. पहिला आठवडा चिडीचूप. दुसऱ्यात एक वाक्य. चौथ्यात ते म्हणाले, "तुझ्या चपला किती वाजतान गं!" आणि ती घरी येईपर्यंत मुद्दाम चपला वाजवत चालली.

सहाव्या आठवड्यात दिपिकाने वालाचं बिरडं केलं. आजोबांनी घास घेतला. चावता चावता थांबले. कपाळावर आठी चढली. तिघांनी श्वास रोखला.

"दिपिका! यान मीठ घातलंस, का नुसता डबा दाखवलास? मिठागरवाल्याच्या घरान..."

समृद्धीने अशी उडी मारली, की पाण्याचा तांब्या कलंडला. प्रितम टाळ्या पिटायला लागला. आणि अठरा वर्षं बोलणी खाल्लेली दिपिका डोळे पुसत, हसत म्हणाली, "बाबा, अजून बोला ना!"

आजोबा तिघांकडे बघतच राहिले.

"या घरान सगलीच येडी झाली काय? मीठ आना आदी!"